आजोबांची पद्मिनी आणि 286चा मोह

शनिवारची रात्र. सगळी गँग कॅनॉटला जमलेली. ग्रुपवर दर पाच मिनिटांनी 'कुठेयस?' असा मेसेज. आणि मी? मी घरी, मांडीवर लॅपटॉप, आणि समोर तीन ऑप्शन्स : ओरिजिनल, 262 आणि 286.

नाही हो, हे परफ्यूम नाहीत. रिचार्जचे प्लॅनही नाहीत. हे आहेत कॅमशाफ्ट. कोइम्बतूरच्या एका ग्राइंडरवाल्याने पाठवलेले. त्यातला एक सिलेक्ट करायचा, अॅडव्हान्स भरायचा आणि आजोबांच्या पद्मिनीत बसवायचा. एवढं सोपं काम. त्यासाठी माझे तब्बल पाच आठवडे गेले. आणि माझ्याबद्दल जे कळलं ते कुठल्याही पर्सनॅलिटी टेस्टमधून कळलं नसतं!

आधी गाडीची ओळख. 1984ची प्रीमियर पद्मिनी. आजोबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. रंग एकेकाळी क्रीम होता, आता त्याला 'चहात बुडवलेला टोस्ट' म्हणता येईल. आजोबा मागच्या वर्षी गेले. त्यानंतर बाबा त्या गाडीच्या ड्रायव्हिंग सीटवर बसलेच नाहीत. ज्या माणसाने याच गाडीवर आजोबांचा ओरडा खात गाडी शिकली, तो माणूस रोज सकाळी तिच्यावरचं कव्हर नीट करतो आणि स्कूटर काढून निघून जातो. आम्ही कुणी यावर बोलत नाही. मराठी घर आहे, असल्या गोष्टींवर आम्ही बोलत नसतो.

म्हणून ठरवलं, गाडी मीच रस्त्यावर आणायची. आणि आणायचीच तर जरा सॉलिड करून आणायची. आपलं गाव गाड्यांचं शौकीन. 2010च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या लोकांनी एकत्र येऊन दीडशेच्या आसपास मर्सिडीज एकदम उचलल्या होत्या, आठवतंय? तिकडे शेंद्र्यात स्कोडा, इकडे वाळूजला बजाज. अशा गावात आपली पद्मिनी खोकत कशी चालेल, बॉस?

खोकल्याचं मूळ

रोशन गेटजवळ आमचे एक चाचा आहेत. वय सत्तरच्या पुढे, दृष्टी कमी, कान शाबूत. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू करायला सांगितलं आणि डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, "टॅपेट नहीं है बेटा. कॅम खा गया."

हेडचं कव्हर काढलं, डायल गेज लावलं. आठपैकी सात वॉल बऱ्यापैकी उचलले जात होते. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वॉल मात्र इतरांपेक्षा दीड मिलिमीटर कमी. म्हणजे त्या सिलिंडरचा धूर धड बाहेर पडत नाही, नवीन मिश्रण धड आत येत नाही. माझी फोर सिलिंडर गाडी सव्वातीन सिलिंडरवर चालली होती.

ज्यांचं मेकॅनिकलशी नातं फक्त सर्व्हिसिंगच्या बिलापुरतं आहे, त्यांच्यासाठी छोटा ब्रेक. कॅमशाफ्ट म्हणजे हातभर लांब लोखंडी दांडा. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे, त्यांना म्हणतात लोब. दांडा फिरला की लोब टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर वॉलला. अंडं सरळ तेव्हा वॉल बंद, अंड्याचं टोक वर तेव्हा वॉल उघडा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी. इंजिन 2000 आरपीएमवर असेल तर प्रत्येक वॉल मिनिटाला हजार वेळा उघडतो, सेकंदाला सोळा-सतरा वेळा. चाळीस वर्षं. त्यातला एखादा लोब झिजला तर त्याला दोष द्यायला तोंड कुठंय आपल्याला?

इंजिन श्वास कधी घेणार, किती घेणार आणि कधी सोडणार, हे सगळं त्या अंड्याच्या आकारावर ठरतं. कॅम बदलला की इंजिनाचा स्वभाव बदलतो. म्हणून तर मोह होतो.

286 म्हणजे नक्की काय?

हा आकडा म्हणजे ड्यूरेशन. वॉल उघडायला लागल्यापासून बंद होईपर्यंत क्रँक किती अंश फिरला, ते. दुसरा आकडा लिफ्ट, म्हणजे वॉल किती मिलिमीटर उचलला. तिसरा, ज्याकडे माझ्यासारखे नवशिके बघतच नाहीत, तो म्हणजे ओव्हरलॅप. एक्झॉस्ट वॉल अजून बंद व्हायचाय आणि इनटेक उघडायला लागलाय, असा दोन्ही दारं एकदम उघडी असण्याचा काळ.

थोडं गणित करू, पळू नका. दोन्ही लोबमधला कोन 110 अंश धरा. 240च्या साध्या कॅमला ओव्हरलॅप येतो 20 अंश. 262ला 42. आणि 286ला थेट 66! तिप्पटीहून जास्त.

इंजिन पाच हजारांवर किंचाळत असेल तेव्हा ही उघडी दारं वरदान असतात. बाहेर धावणारा धूर स्वतःच्या वेगाने नवीन मिश्रण आत ओढून घेतो. पण सिग्नलला, 800 आरपीएमवर? तिथे धुराला वेगच नसतो. तो उलटा इनटेकमध्ये शिरतो. मग इंजिन लडखडतं, 'लब-डब-लब' करतं. रेसिंगच्या व्हिडिओत तो आवाज ऐकला की अंगावर काटा येतो. मोंढा नाक्याच्या सिग्नलला ऐकला की मागचा रिक्षावाला विचारतो, "मॅडम, मिसिंग आहे का?"

दुसरी भानगड इनटेक बंद होण्याची. पिस्टन खालून वर यायला लागला तरी इनटेक वॉल थोडा वेळ उघडाच असतो. 240मध्ये तो क्रँक तळापासून 50 अंश पुढे गेल्यावर बंद होतो, 286मध्ये 73 अंशांवर. जास्त आरपीएमला आत येणाऱ्या हवेला जोर असतो, त्यामुळे उशीर चालतो, उलट फायद्याचा ठरतो. कमी आरपीएमला पिस्टन तेच मिश्रण परत बाहेर ढकलतो. म्हणजे दाबायला माल कमी, दाब कमी, आणि आपल्या भाषेत सांगायचं तर पिकअप गेला.

म्हणजे 286 फुकटात ताकद देत नाही. तो खालची ताकद काढून वर ठेवतो. जिथून तुम्ही रोज घेता, तिथून उचलून जिथे कधीतरी जाल, तिथे. पगारातून मोठी रक्कम पन्नाशीनंतरच्या पॉलिसीत गेली आणि वीस तारखेला पेट्रोलला पैसे नाहीत, तसं काहीसं.

नुवोलारीला चाललं, मग मला का नाही?

हा माझा युक्तिवाद. आणि तो अगदीच पोकळ नव्हता. कारण पद्मिनीचं इंजिन म्हणजे खानदानी चीज आहे. 1089 सीसी, बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75. हेच माप फियाटने 1937च्या बालिला 1100मध्ये आणलं. 1946मध्ये चिसितालिया नावाच्या इटालियन कंपनीने याच फियाट 1100 इंजिनाला ट्यून करून डी46 ही छोटी रेसिंग कार बनवली. त्याच वर्षी तूरीनच्या शर्यतीत तात्सिओ नुवोलारी या अवलियाच्या हातात त्या गाडीचं स्टिअरिंग व्हील निखळून आलं, तर हा माणूस एका हाताने ते प्रेक्षकांना दाखवत गाडी चालवत राहिला! आपल्याकडेही मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर फियाट धावल्याच की.

हे सगळं मी चाचांना मोबाइलवर फोटो दाखवत ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा संपवला आणि म्हणाले, "उस गाडी में सिर्फ कॅम बदला था क्या?"

घरी येऊन वाचलं. नव्हता. 1953मध्ये फियाटने 1100ची साधी गाडी काढली, 36 हॉर्सपॉवरची. आणि त्याच 1089 सीसीची टीव्ही नावाची तेज आवृत्ती काढली, 50 हॉर्सपॉवरची. टीव्ही म्हणजे तुरिस्मो वेलोचे, टेलिव्हिजन नव्हे! ही वाढ कशी केली? कॉम्प्रेशन वाढवलं, दोन गळ्यांचा वेबर कार्ब्युरेटर दिला. म्हणजे जास्त श्वास घ्यायचा तर नाकही मोठं हवं आणि फुप्फुसंही. एकगळी कार्ब्युरेटर, जुनं कॉम्प्रेशन, जुनाच सायलेन्सर ठेवायचा आणि फक्त 286 कॅम टाकायचा, म्हणजे सर्दी झालेल्या माणसाला मॅरेथॉनचे शूज घेऊन देणं.

शिवाय यादी वाढत जाते. जास्त लिफ्ट म्हणजे कडक वॉल स्प्रिंग. कडक स्प्रिंग म्हणजे कॅमवर जास्त घासाघीस. जास्त आरपीएम म्हणजे चाळीस वर्षांच्या बेअरिंगवर भार. आणि पीयूसी? ती आयडलिंगला तपासतात. ओव्हरलॅप मोठा तर न जळलेलं पेट्रोल थेट सायलेन्सरमधून बाहेर. तिथे फेल झालात की 'लब-डब' घरी बसून ऐका.

आपलंच सोलापूर

आता एक इंटरेस्टिंग गोष्ट. कॅमशाफ्ट म्हटलं की मला इटली आणि जर्मनी आठवायचे. पण आपल्याच शहरातून जाणारा धुळे-सोलापूर हायवे धरा, बीड करा, तुळजापूरला आईचं दर्शन घ्या आणि पुढे जा. सोलापूरला प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी 1992पासून आहे आणि जगभरातल्या मोठमोठ्या कार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. चादर आणि शेंगाचटणीच्या गावातून निघालेला दांडा कुठल्या कुठल्या देशांतल्या बॉनेटखाली फिरतोय!

तिथली खासियत म्हणजे चिल्ड कास्ट आयर्न. साच्यात जिथे लोब येणार तिथे धातूचे थंड तुकडे बसवतात. वितळलेलं लोखंड त्यांना टेकलं की झटकन गार होतं आणि तेवढाच भाग प्रचंड कडक होतो. मधला दांडा सावकाश गार होतो, त्यामुळे तो तुलनेने मऊ राहतो. बाहेरून कडक, आतून नरम. आमच्या आजोबांसारखा.

माझ्या केसमध्ये हे कळणं फार कामाचं ठरलं. कारण मला नवा कॅम मिळणारच नव्हता. ग्राइंडरवाला माझाच जुना कॅम घासून नवा आकार देणार होता. 286चा आकार काढायचा तर जास्त घासावं लागतं. आणि लोबचा कडकपणा वरच्या थरापुरताच असतो. तो थर संपला की खालचं मऊ लोखंड टॅपेटखाली येतं आणि काही हजार किलोमीटरांत पुन्हा जैसे थे. रीग्राइंडिंगला देताना विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच : किती घासणार, आणि नंतर कडकपणा किती उरणार? मी हा प्रश्न पाठवला तेव्हा पलीकडून दोन दिवस उत्तर आलं नाही. मग आलं, "286 के लिए गॅरंटी नहीं मॅडम."

एका आठवड्याची डायरी

तरीही मन मानेना. तेव्हा चाचांनी मला होमवर्क दिला. डॅशबोर्डखाली एक जुना टॅकोमीटर दोन वायरींनी जोडून दिला आणि म्हणाले, आठवडाभर गाडी चालव, कुठे किती आरपीएम लागले ते लिहून आण. "और सच लिखना."

लिहिलं. सिडको ते क्रांती चौक : 1200 ते 2300. सेव्हन हिल्सच्या पुलाखाली : 800, म्हणजे उभीच. उस्मानपुऱ्यात पान खायला : दुसऱ्या गिअरच्या वर गेलेच नाही. एका इंटरव्ह्यूसाठी वाळूजला : मोकळ्या रस्त्यावर 2800. आठवड्याचा हायेस्ट आकडा? 3100. तोही एका बसला ओव्हरटेक करताना, तोंडाने 'जय भवानी' म्हणत.

286 जिथे जागा होतो तिथे, म्हणजे साडेतीन हजारांच्या पुढे, मी सात दिवसांत शून्य सेकंद होते.

ती वही बघून खरं सांगते, लाज वाटली. मी कॅम निवडत होते तो त्या मुलीसाठी, जी पहाटे रिकाम्या हायवेवर गॉगल लावून गाडी पळवते. ती मुलगी छान आहे. पण ती मी नाही. मी साडेदहाला उठून, लॅपटॉपची बॅग मागे टाकून, आकाशवाणीच्या सिग्नलला डेडलाइनचे फोन घेणारी आहे. आपण सगळेच असं करतो ना? मॅरेथॉनचे शूज, डीएसएलआर, वर्षाची जिम मेंबरशिप. खरेदी करणारा एक आणि वापरणारा दुसराच.

चाचांनी वही बंद केली आणि खरा प्रश्न विचारला. "चलाएगा कौन? तू, या तेरे अब्बा?"

मी गप्प. कारण बाबांच्या खांद्याचं दुखणं, त्यांचा सावकाश क्लच सोडायचा हात, गाडी तिसऱ्या गिअरमध्येच ठेवून चढ चढायची सवय, हे सगळं मला माहीत होतं. 286 लावलेली गाडी त्यांच्या हातात दर सिग्नलला बंद पडली असती. त्यांनी दोनदा प्रयत्न केला असता, तिसऱ्यांदा कव्हर घालून ठेवलं असतं. आणि मग मी ती गाडी चकाचक करून त्यांच्याकडून कायमची काढून घेतली असती. स्वतःच्या नकळत.

आणि निवडला...

ओरिजिनल. हो, तोच बोअरिंग पर्याय. 262वरही दोन रात्री घालवल्या. हायवेवर जास्त फिरणारी गाडी असती, कार्ब्युरेटरचंही काम करून घेतलं असतं, तर तो झकास पर्याय होता. पण माझ्या वहीत हायवे नव्हता.

वाचलेले पैसे कुठे गेले? आठही टॅपेट नवे. कारण जुन्या टॅपेटवर नवा कॅम म्हणजे नव्या सुनेला जुन्या भांडणात बसवणं, दोघंही एकमेकांना खातात. नवी टायमिंग चेन. वॉल सीट घासून घेतले, कार्ब्युरेटर उघडून साफ केला. आणि पहिल्यांदा इंजिन चालू करायचा विधी : कॅमला भरपूर असेंब्ली पेस्ट, झिंक जास्त असलेलं ऑइल, आणि स्टार्ट झाल्याबरोबर वीस मिनिटं 2000च्या आसपास कमी-जास्त रेस. आयडलिंगला अजिबात सोडायचं नाही, कारण लोबवर ऑइल उडतं ते क्रँकच्या वेगामुळे. ती वीस मिनिटं चाचा घड्याळ बघत होते आणि मी टेम्परेचरचा काटा. इतकी टेन्शनमध्ये मी बोर्डाच्या रिझल्टलाही नव्हते.

मग एका शनिवारी सकाळी बाबांना म्हटलं, भद्रा मारुतीला जायचंय, रिक्षा परवडत नाही, सोडता का? त्यांनी गाडीकडे बघितलं. किल्ली घेतली. बोलले काहीच नाहीत.

दौलताबादच्या दिल्ली दरवाजाशी नेहमीसारखी रांग. एक गाडी तिकडून, एक इकडून. आम्ही दहा मिनिटं उभे. इंजिन चालू, आवाज एकसारखा, शिलाई मशीनसारखा. मी जीव मुठीत धरून बसलेली, आता बंद पडेल, मग पडेल. बाबांनी स्टिअरिंगजवळचा गिअर न्यूट्रलला टाकला, काचेतून कोपर बाहेर काढलं, अगदी आजोबा काढायचे तसं.

पुढे घाट. त्यांनी तिसरा टाकला आणि तसाच ठेवला. गाडी चढली. सावकाश, न खोकता.

खुलताबादला उतरताना म्हणाले, "आवाज बदललाय जरा."

"चांगला की वाईट?"

"पहिल्यासारखा झालाय."

परतताना मी मागे बसले. रविवारी सकाळी स्कूटर जागेवर होती आणि पद्मिनी नव्हती. बाबा भाजी आणायला गेले होते. चार गल्ल्या पलीकडे. दीड तासाने आले.

जाता जाता : कॅम निवडण्याआधी

- आठवडाभर आरपीएमची डायरी ठेवा. स्वप्नातली नको, रस्त्यावरची.
- गाडी आणखी कोण चालवणार, ते आधी ठरवा.
- दोन कॅममध्ये गोंधळ असेल तर लहान घ्या. मोठ्या कॅमचा पश्चात्ताप रोज, प्रत्येक सिग्नलला होतो.
- आकड्यांची तुलना करताना ड्यूरेशन किती लिफ्टवर मोजलंय ते विचारा. मोजायची पद्धत वेगळी असली की तोच कॅम वेगळा आकडा दाखवतो.
- कॅमसोबत कार्ब्युरेटर, कॉम्प्रेशन, स्प्रिंग आणि सायलेन्सर यांचाही हिशेब करा. एकटा कॅम काही करत नाही.
- रीग्राइंड करत असाल तर कडकपणा किती उरणार हे विचारा. उत्तर नसेल तर दुकान बदला.
- नवा कॅम, नवे टॅपेट. इथे काटकसर नको.